ऐक्याची अट

त्या समितीवर मला का घेतलं हे कुणी सांगितलं नाही, पण पहिल्याच बैठकीत ते माझ्या लक्षात आलं. वरून आलेल्या परिपत्रकात लिहिलं होतं की समितीवर एक महिला असावी आणि एक मागासवर्गीय असावा. मी बाई होते, बौद्ध होते, कन्याशाळेत शिकवत होते आणि गावात नवीन असल्यामुळे माझ्या पाठीशी कुणी नव्हतं. एकाच खुर्चीत दोन्ही जागा भरल्या. उरलेल्या खुर्च्या त्यांना मोकळ्या राहिल्या.

गावाचं नाव लिहीत नाही. सातारा आणि सांगली यांच्या मधलं, नदीकाठचं, नगरपालिका असलेलं उसाचं गाव, एवढं पुरे. तिथली माणसं अजून हयात आहेत आणि काहींच्या लेकी माझ्या हाताखालून शिकून गेल्या आहेत. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नगरपालिकेनं थोडा निधी बाजूला काढायचा आणि जी मंडळं सगळ्या समाजांना एकत्र आणतील त्यांना लहान लहान अनुदानं द्यायची, अशी योजना निघाली होती. कुणाला द्यायचं ते आमच्या समितीनं ठरवायचं.

अध्यक्ष होते गावातले जुने वकील. सुधारकी घराण्यातले, खादी घालणारे, कधी आवाज न चढवणारे. आपल्या घरात आमच्या माणसांना स्वयंपाकघरापर्यंत येऊ देतात, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. दुसरे वजनदार सदस्य एक नगरसेवक. नदीकाठी त्यांचा मोठा ऊस, घरातले दोघे-तिघे फौजेत, आणि गावातल्या कुठल्याही गोष्टीत त्यांचा शब्द शेवटचा. बाकीचे सदस्य या दोघांच्या तोंडाकडे बघून मान हलवायचे.

पहिल्या बैठकीत बरेच अर्ज आले होते. मला आठवतात ते दोन. एक वेशीजवळच्या तालमीचा. तालमीची कौलं बदलायची होती आणि ऐक्यासाठी म्हणून वर्षातून एक सहभोजन घालायचं होतं. दुसरा आमच्या बौद्धवस्तीतल्या शिवणवर्गाचा. समाजमंदिराच्या एका कोपऱ्यात तो वर्ग चालायचा, एकच जुनं पायमशीन होतं आणि त्याच्यापुढे बायका पाळी लावून बसायच्या. त्यांना आणखी एक मशीन हवं होतं.

तालमीचा अर्ज वाचून होतो न होतो तोच मंजूर झाला. शिवणवर्गाच्या अर्जावर वकिलांनी चष्मा काढला.

"वर्ग उत्तम आहे," ते म्हणाले. "पण अनुदान ऐक्यासाठी आहे. इथे एकाच समाजाच्या बायका दिसतात. यात ऐक्य कुठे आलं?"

मी विचारलं, तालमीत आमच्या वस्तीतले किती जण जातात.

 नगरसेवक खुर्चीत मागे रेलले. "तालीम सगळ्यांना खुली हाय, बाई. कुनी येत न्हाई, त्याला तालीम काय करनार?"

"शिवणवर्गही सगळ्यांना खुला आहे."

"मग त्यांनी तसं दाखवावं," वकील अगदी मायेनं म्हणाले. "दुसऱ्या गल्ल्यांतल्या भगिनी त्यांच्या वर्गात येऊ द्यात. आपण पाहणीला जाऊ आणि मग ठरवू."

सगळ्यांनी माना हलवल्या. माझे कान तापले होते. ज्यांना शेकडो वर्षं कुणी दारात उभं केलं नाही, त्यांनी आता दुसऱ्यांना आपल्या दारात आणून दाखवायचं, तेव्हा कुठे ऐक्य ठरणार. आणि ज्यांनी दार लावून घेतलं होतं, त्यांनी नुसतं "दार उघडंच आहे" म्हटलं की झालं. हे मी तेव्हाच तिथं म्हणायला हवं होतं असं पुढं अनेकांनी मला सांगितलं. म्हटलं होतं. वकील हसून म्हणाले, "बाई फार भावनाप्रधान आहेत," आणि पुढचा अर्ज घेतला.

शिवणवर्ग चालवायची तिला सगळी वस्ती आक्का म्हणायची. नवरा फौजेत होता तेव्हा ती त्याच्याबरोबर बेळगावच्या छावणीत राहिली होती आणि तिथंच जवानांच्या बायकांच्या केंद्रात शिवण शिकली होती. नवरा गेल्यावर गावी परत आली. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलण्यात कुणाची भीड न ठेवणारी बाई. वस्तीतल्या बायका दिवसभर दुसऱ्यांच्या उसात भांगलायच्या, दुपारनंतर तिच्याकडे बसायच्या. काजं, बटणं, परकर, लहान लेकरांची झबली. त्यातल्या काहींनी उसातलं काम सोडून घरी शिवण घ्यायला सुरुवात केली होती, आणि मला वाटतं गावाला खरी खुपत होती ती हीच गोष्ट.

समितीचं म्हणणं मी तिला सांगितलं तेव्हा ती मशीनला तेल घालत होती. सगळं ऐकून घेतलं, तेलाची बुधली खाली ठेवली.

"म्हंजी आमी त्यास्नी आमच्यात घ्यायचं," ती म्हणाली. "आन् त्यांनी आमास्नी कवा घ्यायचं, ते कागदावर हाय का?"

मी म्हटलं, नाही.

"मग चला. बगू तरी कोन येतंय."

मी तिला म्हणाले, आक्का, तुम्ही कशाला जाता, हा अपमान आहे. ती म्हणाली की अपमान तिला नवा नाही, मशीन नवं हवंय.

दुपारच्या वेळी आम्ही दोघी गल्ल्या हिंडलो. त्या हिंडण्यानं माझ्या डोक्यात जी आग लागली ती अजून विझलेली नाही. कुणी वाईट बोललं नाही, हेच वाईट होतं. एकीनं म्हटलं, आमच्याकडे झंपर फार असतात, तूच येऊन घेऊन जात जा की शिवायला. दुसरी म्हणाली, शिकायची हौस आहे पण तिकडे वस्तीत कसं येणार, तू इकडे मागच्या अंगणात मशीन आणून शिकवलंस तर बघता येईल. आक्का माझ्या आईच्या वयाची होती, तिशीतल्या बायका तिला अगं-तुगं करत होत्या आणि ती त्यांना "आवं वैनी" म्हणत होती.

नगरसेवकांच्या भावकीतल्या एका घरी सासू ओसरीवर भुईमूग फोडत बसली होती. तिनं आम्हांला अंगणातच थांबवलं. बोलणं ऐकून हसली, म्हणाली, आमच्या घरच्या बायका आता वस्तीत जाऊन शिकणार व्हय. दाराआड तिची सून उभी होती. चेहरा दिसला नाही, हातातल्या बांगड्या दिसल्या.

आठवडी बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन तीच सून समाजमंदिराच्या दारात आली. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. माहेर कोरेगावकडचं, नवरा फौजेत सरहद्दीवर कुठंतरी. चप्पल काढायची की नाही याचा विचार करत ती उंबऱ्यावरच घोटाळली. आक्कानं तिला आत बोलावलं.

"मला झंपर बेतायला शिकवा," ती म्हणाली. "गावातला शिंपी पुरुष. माप म्हनून सासूबाई जुनाच झंपर धाडत्यात. लगीन झाल्यापासनं माजं सगळं झंपर आखूडच हायती."

बायका हसल्या, तीही हसली, आणि ती बसली. नंतर बागवान गल्लीतल्या दोघी जावा यायला लागल्या. त्यांना कुणी अडवलं नाही. त्या मुसलमानांच्या घरच्या, त्यांचीही अवस्था गावात आमच्यापेक्षा फार वेगळी नव्हती. पण मराठ्याच्या घरची ती एक सून येते म्हटल्यावर वर्गाला वेगळंच बळ आलं. ती दर बाजाराला यायची. आधी पाण्याचा तांब्या लांबूनच बघायची, मग एक दिवस तहान लागली तेव्हा सरळ उचलून प्यायली.  आक्कानं फक्त तिच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा कापडावर खडू ओढायला लागली. सुनेनं स्वतः बेतलेला पहिला झंपर अंगात घातला तेव्हा दोन्ही हात वर करून बघितले. पोट उघडं पडलं नाही. तिला इतका आनंद झाला की आम्हां सगळ्यांनाच हसू आवरेना.

समितीची पाहणी ठरली ती बाजाराच्याच दिवशी. तो दिवस मीच सुचवला होता. आता तरी नाही म्हणायला जागा राहणार नाही, असं मला वाटलं.

वकील आले, नगरसेवक आले, मागून दोन सदस्य आले. वकिलांनी सगळीकडे कौतुकानं बघितलं. आक्कानं चहा केला होता, तो त्यांनी मागून घेतला, दोन घोटांमध्ये संपवला आणि कप सगळ्यांना दिसेल असा खाली ठेवला. "आम्ही असले भेद मानत नाही," ते म्हणाले. बायकांनी हातातलं शिवण पुढं ओढलं. काय बोलणार? आमच्या घरचा चहा प्यायला म्हणून आम्ही कुणाचा सत्कार करायचा होता?

नगरसेवकांनी चहा घेतला नाही, पित्त झालंय म्हणाले. त्यांचं लक्ष मशीनवर बसलेल्या सुनेकडे गेलं होतं. ती त्यांच्या सख्ख्या पुतण्याची बायको. तिनं पदर कपाळावर ओढून मान खाली घातली होती, तिचे पाय पायट्यावर तसेच थांबले होते.

"ही कोनाची?" त्यांनी आक्काला विचारलं. माहीत असून विचारलं.

"शिकायला आलेली हाय," आक्का म्हणाली. "हितं आमी कुनाची कोन ते इचारत न्हाई."

नगरसेवक हसले. वकिलांना काही कळलं नाही. ते जाताना मला म्हणाले, "बघा, आपण अट घातली म्हणून हे घडलं."

पुढच्या बाजाराला ती आली नाही. बागवानांच्या घरून कळलं ते असं. पाहणी झाल्याच्या दिवशीच तिच्या घरात भावकी बसली होती, मधोमध नगरसेवक. सासूनं तिची पिशवी उलटी करून कात्री आणि टेप चुलीपुढे फेकले. दुसऱ्या दिवशी तिच्या भावाला कोरेगावहून बोलावून घेतलं, त्याच्याकडून सगळ्यांसमोर माफी मागवली आणि तिला त्याच्याबरोबर माहेरी धाडून दिलं. नवरा सुट्टीवर येईल तेव्हा बघू, असा निरोप. म्हणजे परत घ्यायचं की नाही ते.

आक्का समाजमंदिराच्या पायरीवर बसून होती. मी जवळ बसले. ती म्हणाली, "तिला मी आत बोलवाया नगं हुतं, बाई. पोरीचं वाटोळं झालं."

माझ्या आयुष्यात मला इतका राग कधी आला नव्हता. ज्या समितीनं ऐक्य दाखवा म्हणून आमच्यावर अट घातली, तिच्यातल्याच माणसानं ते डोळ्यांनी बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी मोडून टाकलं. आणि त्याची टोचणी कुणाला लागली, तर आक्काला. नगरसेवक त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे पारावर बसून गप्पा मारत होते, मी स्वतः बघितलं.

दुसरी बैठक झाली. शिवणवर्गाच्या अर्जावर वकिलांनी शेरा वाचला, तो असा की इतर भागांतील महिलांची उपस्थिती नियमित आढळत नाही, सबब विचार पुढे ढकलावा. मी उभी राहिले. बैठकीत कुणी उभं राहून बोलत नसे.

"बागवान गल्लीतल्या दोघी अजून येतात, त्या तुम्हांला मोजायच्या नाहीत. आणि एक बाई दर बाजाराला येत होती," मी म्हणाले. "तिला तुम्ही सगळ्यांनी बघितलं. आज ती का येत नाही, ते या साहेबांना विचारा. यांनीच तिला माहेरी पाठवलं."

नगरसेवक शांत होते. "तो आमच्या घरातला प्रश्न हाय, बाई. त्यात तुमी पडू नका."

"घरातलाच प्रश्न आहे. गावातल्या सगळ्या घरांतला आहे. त्यासाठीच ही समिती आहे ना?"

वकिलांनी टेबलावर हात ठेवला. वैयक्तिक गोष्टी इतिवृत्तात येणार नाहीत, असं त्यांनी कारकुनाला सांगितलं. मग माझ्याकडे वळून सावकाश समजावलं की समाज हळूहळू बदलतो, आपण घाई करून चालत नाही, आणि तालमीचं सहभोजन जवळ आलं आहे तर वस्तीतली काही मंडळी मी घेऊन यावी. पंगतीत शेजारी बसलेले दिसले पाहिजेत, फोटो वर पाठवायचा आहे.

मी वस्तीत जाऊन तसंच्या तसं सांगितलं. आक्का म्हणाली, "जेवाया नगं म्हनावं. आमच्या घरी भाकरी हाय. आमची पोरं कुस्तीला धाडतो, त्यास्नी मातीत घ्या."

तिचा निरोप मी समितीकडे लेखी दिला, वस्तीतल्या कुस्ती खेळणाऱ्या तरुणांच्या सह्या घेऊन. उत्तर आलं की तालीम ही खाजगी संस्था असून तिच्या प्रवेशाबाबत समितीस अधिकार नाही. तिची कौलं मात्र त्याच समितीच्या अनुदानातून बदलून झाली होती. रोज शाळेला जाताना ती नवी लाल कौलं मला दिसायची, आणि रोज सकाळी माझं तोंड कडू व्हायचं.

सहभोजन झालं. वस्तीतून कुणी गेलं नाही, म्हणून नगरपालिकेच्या सफाई कामगारांना हजेरी घेऊन पंगतीला बसवलं. ते बिचारे नोकरीला बांधलेले, काय करतील. वकील त्यांच्या शेजारी मांडी घालून मनापासून जेवले. मी सदस्य म्हणून तिथं हजर होते, जेवले नाही. नगरसेवकांनी स्वतः जिलबी वाढली आणि मला विचारलं, "बाई, तुमी आमच्या पंगतीला बसत न्हाई व्हय? मग ऐक्य कसं हुनार?" त्यांच्या आजूबाजूचे हसले. मी तिथून निघून आले. उत्तर सुचलं नव्हतं असं नाही. माझ्या तोंडून जे बाहेर पडलं असतं ते एका शिक्षिकेच्या तोंडी शोभलं नसतं, आणि त्यांना तेच हवं होतं.

मशीन आलं ते दुसरीकडूनच. माझं माहेर माधवनगरचं, वडील आणि भाऊ गिरणीत. मी सुट्टीत गेले तेव्हा जेवताना घरात हे सगळं सांगितलं.  त्यांच्या चाळीतला एक शिंपी दुकान बंद करून मुलाकडे चालला होता, त्याचं पायमशीन भावानं घेतलं आणि एसटीच्या टपावर बांधून, वर स्वतःच्या चादरी गुंडाळून, आमच्या गावापर्यंत आणलं. स्टँडवरून वस्तीपर्यंत त्यानं आणि वस्तीतल्या गड्यांनी ते खांद्यावर नेलं. आक्कानं त्याच्या हातात भाकरी दिली आणि मग मशीनचा पट्टा बघत बसली, पट्टा घासलेला होता.

त्या सुनेचा नवरा पावसाळा संपल्यावर सुट्टीवर आला. तो घरी राहिला ती एकच रात्र. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण सकाळी तो कोरेगावला गेला आणि बायकोला घेऊन आला. ट्रंक घेतली आणि जाताना दोघं वस्तीतून गेले. भर उन्हात, सगळ्यांच्या देखत. मी शाळा आटोपून तिथंच होते. उंच, करपलेल्या रंगाचा, कमी बोलणारा माणूस.

"हिला क्वार्टर मिळालंय," तो आक्काला म्हणाला. "घिऊन चाललोय. फौजेच्या लंगरात मी कुनाच्या शेजारी बसून जेवतो, ते आमच्या चुलत्याला ठावं न्हाई. आता त्यांचं त्यांनी बगावं."

सून आक्काच्या पाया पडायला वाकली. आमच्यात आता पाया पडणं सोडलेलं, आक्कानं तिला वरच्या वर धरली आणि घरात जाऊन स्वतःची कात्री आणून तिच्या हातात दिली. मग ते दोघं स्टँडकडे गेले. त्या घरात पुढं वाटणी झाली असं ऐकलं. त्याचा दोषही लोकांनी आमच्या वस्तीला दिला.

समितीची मुदत संपेपर्यंत मी राजीनामा दिला नाही. वकिलांना वाटत होतं मी देईन. मी प्रत्येक बैठकीला गेले आणि प्रत्येक अर्जदाराला एकच विचारलं: तुमच्यात आमचे किती? भजनी मंडळाला विचारलं, वाचनालयाला विचारलं, महिला मंडळाला विचारलं. माणसं घाम पुसायची, वर बघायची, अध्यक्षांकडे बघायची. एका वाचनालयानं खरोखरच वस्तीतल्या मुलांना सभासद करून घेतलं, तेवढंच हाती लागलं. शिवणवर्गाचा अर्ज शेवटपर्यंत पुढेच ढकलला गेला. मुदत संपल्यावर माझ्या जागी आमच्याच समाजातल्या एका गृहस्थांना घेतलं. ते कमी बोलायचे.

नंतर माझी बदली झाली. दशक संपता संपता एकदा कऱ्हाडहून सांगलीला जाताना एसटीत वकील भेटले. थकले होते, मोतीबिंदू झाला होता, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. शेजारी बसवून घेतलं. कऱ्हाडला लागूनचं मलकापूर मागे पडायच्या आत ते त्या दिवसांबद्दल बोलायला लागले. आपण किती चांगलं काम केलं, लोकांच्या मनात आपण काहीतरी पेरलं, असं म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. ढोंग नव्हतं ते.

मी विचारलं, ती सून आठवते का.

"कुठली सून?" त्यांनी विचारलं.

 त्यांना खरंच आठवत नव्हतं. मशीनवर बसलेली एक पोर, जिला बघून ते म्हणाले होते की आपण अट घातली म्हणून हे घडलं, आणि जिचा संसार त्या अटीपायी मोडायच्या बेतात आला होता, ती त्यांच्या आयुष्यात कुठं नव्हतीच. मग मी सांगायला सुरुवात केली. पहिल्या बैठकीपासून, काही न गाळता, पुढच्या सीटवरच्या बायका मागे वळून बघायला लागल्या तरी आवाज कमी न करता. ते मधे एकदा म्हणाले, "बाई, आता जुन्या गोष्टी कशाला." मी थांबले नाही. सांगलीचं स्टँड यायला अजून बराच वेळ होता.